मेंदूत गाठ की गळू? शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी बदललेले निदान

रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. झटका आला तो दिवस १ धरून पुढची मोजणी केली आहे.

पार्श्वभूमी

रुग्ण सोलापूर जिल्ह्यातला ४६ वर्षांचा शेतकरी. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, दिवसाला पाच-सहा विड्या. तीन आठवडे डोके दुखत होते, सकाळी उठल्यावर जास्त. गावातल्या मेडिकलमधून आणलेली ६५० मिग्रॅची पॅरासिटामॉलची गोळी तो दिवसातून तीनदा घेत होता. नंतरच्या दहा-बारा दिवसांत डाव्या हातातून वस्तू निसटू लागल्या. बैलाचा कासरा धरवेना, शर्टाचे बटण लागेना. मग एका सकाळी डाव्या हाताला झटके सुरू झाले, ते चेहऱ्यापर्यंत चढले आणि तो बेशुद्ध पडला.

तालुक्याच्या रुग्णालयात झटके थांबवणारे लेव्हेटिरासिटाम १ ग्रॅम शिरेतून दिले, पुढे ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा. कॉन्ट्रास्ट (प्रतिमेत उजळणारे द्रव्य) देऊन काढलेल्या मेंदूच्या सीटी स्कॅनमध्ये उजव्या फ्रंटल म्हणजे पुढच्या भागात, मागच्या अंगाला, ३.४ सेमीचे कडेने उजळणारे वर्तुळ दिसले. भोवती भरपूर सूज होती आणि मध्यरेषा ६ मिमी डावीकडे सरकली होती. सूज उतरवणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे ८ मिग्रॅचे इंजेक्शन देऊन पुढे दर सहा तासांनी ४ मिग्रॅ सुरू झाले. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या गावी एमआरआय झाला. खर्च वाचावा म्हणून मोजक्याच प्रतिमा घेतल्या: टी-वन, टी-टू, फ्लेअर आणि कॉन्ट्रास्टनंतरच्या. अहवालात पहिली शक्यता उच्च श्रेणीच्या ग्लायोमाची, म्हणजे मेंदूतच उगवणाऱ्या कर्करोगाची होती, दुसरी दुसरीकडून पसरलेल्या कर्करोगाची. पहिल्या ओळीतला शब्द त्याच संध्याकाळी नातेवाइकांपर्यंत ‘कॅन्सरची गाठ’ होऊन पोचला.

एका वर्तुळाचे अनेक अर्थ

कॉन्ट्रास्ट दिल्यावर कडा उजळते आणि मधला भाग काळा राहतो, एवढ्यावरून निदान होत नाही. उच्च श्रेणीचा ग्लायोमा म्हणजे ग्लायोब्लास्टोमा, त्याचा मधला भाग कुजून पोकळ होतो तेव्हा हेच चित्र दिसते. पसरलेला कर्करोग, जिवाणूंचे गळू, क्षयाची गाठ म्हणजे ट्युबरक्युलोमा, डुकराच्या पट्टकृमीची पुटी, काही बुरशी, एचआयव्हीबाधितांमधला टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी, कधी मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण झडण्याचा आजार, कधी काही आठवड्यांपूर्वीचा स्ट्रोक, हे सगळे असेच वर्तुळ काढतात.

आपल्याकडे हा गोंधळ जुना आहे. झटका आलेल्या तरुणाच्या सीटीत एकच लहान उजळणारा ठिपका दिसला की तो क्षयाचाच धरायचा आणि वर्षभर क्षयाची औषधे द्यायची, असा प्रघात भारतात बरीच वर्षे होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या न्यूरोसर्जनांनी असे ठिपके काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांतले पुष्कळसे पट्टकृमीच्या पुटीचे निघाले. १९८९ मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्यातून रुळलेला आडाखा आजही कामाचा आहे: २० मिमीपेक्षा लहान, गोल, मध्यरेषा न सरकवणारा ठिपका बहुधा पुटीचा; २० मिमीपेक्षा मोठा, वेडावाकडा, मध्यरेषा ढकलणारा आणि हातापायांत कमजोरी आणणारा बहुधा क्षयाचा. आपल्या रुग्णाचे वर्तुळ ३४ मिमीचे होते, म्हणजे पुटी जवळजवळ बाद. उरले तिघे: ग्लायोब्लास्टोमा किंवा पसरलेला कर्करोग, क्षय आणि गळू.

शस्त्रक्रियेआधीच हे कळण्याची एवढी निकड का? कारण तिघांची शस्त्रक्रिया वेगळी. ग्लायोब्लास्टोमात कवटीची झडप उघडून जमेल तितकी गाठ काढतात. गळूत शक्यतो एका छिद्रातून सुईने पू ओढतात आणि भिंत खरवडून काढत नाहीत. क्षयात तर पुष्कळदा शस्त्रक्रियाच लागत नाही. या रुग्णाच्या वर्तुळाची मागची कडा हाताची हालचाल चालवणाऱ्या पट्ट्याला चिकटून होती. गाठ समजून ती भिंत खरवडली असती तर डावा हात कायमचा गेला असता, आणि तो गेला असता सहा आठवड्यांच्या अँटिबायोटिकने बऱ्या होणाऱ्या आजारासाठी.

पहिले पाच दिवस

दिवस ४ ला रुग्ण मोठ्या शहरातल्या रुग्णालयात आला. पूर्ण शुद्धीवर होता, ग्लासगो कोमा स्केल १५. डाव्या हाताची पकड पाचपैकी ३. ताप नाही. डोकेदुखी निम्म्यावर आली होती, म्हणून सगळ्यांनाच हायसे वाटले. पण स्टेरॉइडने सूज उतरते आणि बरे वाटते ते गाठीतही आणि गळूतही. त्यावरून निदानाची बाजू ठरत नाही. पांढऱ्या पेशी १५,८०० होत्या, तो आकडाही स्टेरॉइडच्या खाती टाकला गेला. शरीरातला दाह दाखवणारे सीआरपी ३८ होते. ते ‘किंचित वाढलेले’ म्हणून बाजूला पडले.

झडप उघडून गाठ काढायची शस्त्रक्रिया दिवस ७ ला ठरली.

भूल देण्याआधीचा छातीचा एक्स-रे दिवस ५ ला निघाला. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात सुमारे २ सेमीची गोल सावली होती. आता चित्र पक्के झाल्यासारखे वाटले: विडी ओढणारा माणूस, फुप्फुसात गोळा, मेंदूत वर्तुळ. दिवस ६ ला सीटीखाली त्या गोळ्यात सुई घालून तुकडा काढायचे ठरले. ऑक्सिमीटरवर प्राणवायू ९२ ते ९३ टक्के अशी नोंद परिचारिकांनी तीन वेळा केली होती. तीही विडीच्या नावावर गेली.

इथवर कोणीही ढोबळ चूक केलेली नव्हती. ताप नाही, पांढऱ्या पेशी वाढल्या, प्राणवायू थोडा कमी आहे, फुप्फुसात सावली आहे: प्रत्येक खुणेचे वेगळे, पटणारे स्पष्टीकरण हाताशी होते. सगळ्या खुणा एकत्र मांडून पाहणारे मात्र कोणी नव्हते.

बैठकीत निघालेले तीन प्रश्न

दिवस ६ ला सकाळी न्यूरोसर्जन, रेडिओलॉजिस्ट, भूलतज्ज्ञ आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एकत्र बसले. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना गाठीच्या बैठकीला बोलावण्याची पद्धत सगळीकडे नाही. इथे ती आहे.

पहिला प्रश्न रेडिओलॉजिस्टचा होता: डिफ्युजनच्या प्रतिमा कुठे आहेत? त्या काढल्याच नव्हत्या. पाण्याचे रेणू किती मोकळे फिरतात ते दाखवणाऱ्या या तपासणीला कॉन्ट्रास्ट लागत नाही आणि साधारण दोन मिनिटांत ती उरकते. गाठ आणि गळू वेगळे करायला तिच्याइतके उपयोगाचे दुसरे काही एमआरआयमध्ये नाही.

दुसरा प्रश्न भूलतज्ज्ञांचा. रोज पाच-सहा विड्यांनी ४६ व्या वर्षी बसल्या जागी प्राणवायू ९२ पर्यंत उतरतो का? त्यांनी उभे करून मोजायला सांगितले. उभे राहिल्यावर तो ८९ झाला, आडवे केल्यावर ९४. फुप्फुसाच्या सामान्य आजारात असे उलटे होत नाही. फुप्फुसाच्या तळाशी रोहिणी आणि नीला थेट जोडल्या गेल्या असतील तर उभे राहिल्यावर त्या जोडणीतून जास्त रक्त न गाळता, न शुद्ध होता पुढे जाते, आणि आकडा घसरतो.

तिसऱ्या प्रश्नासाठी निवासी डॉक्टर पुन्हा रुग्णाच्या पत्नीकडे गेले. दात, कान, नाक, छाती यांचा काही त्रास? “दाढ काढली होती की, दीड-दोन महिने झाले. मूळ थोडं राहिलंय म्हणाले होते.” आणि नाकातून रक्त? “घोळणा तर त्यांचा लहानपणापासून फुटतो. सासूबाईंचाही फुटायचा.” टॉर्च लावून तोंड पाहिले तेव्हा खालच्या ओठावर आणि जिभेच्या टोकावर टाचणीच्या डोक्याएवढे चार-पाच लाल ठिपके होते. दाबले की फिके पडत होते. पाच दिवसांत तोंड कोणी उघडून पाहिले नव्हते.

फुप्फुसातल्या सुईआधी छातीचा १ मिमी जाडीच्या छेदांचा सीटी झाला. त्या ‘गोळ्यात’ ४ मिमी रुंदीची रोहिणी शिरत होती आणि जाडसर नीला बाहेर पडत होती. तो गोळा नव्हताच. तो रक्तवाहिन्यांचा गुंता होता, पल्मनरी आर्टेरिओव्हीनस मालफॉर्मेशन. त्यात सुई गेली असती तर छातीत रक्तस्राव झाला असता. सुईची सूचना त्याच वेळी रद्द केली.

आता सगळ्या खुणा जुळल्या. वारंवार घोळणा फुटणे, ओठावरचे ठिपके आणि फुप्फुसातला गुंता ही तीन लक्षणे मिळून अनुवंशिक रक्तस्रावी टेलँजिएक्टेशिया या रक्तवाहिन्यांच्या आजाराचे निदान होते. आईचा इतिहास चौथ्या निकषाकडे बोट दाखवत होता. निरोगी माणसात दाढ काढताना रक्तात शिरणारे तोंडातले जिवाणू फुप्फुसातल्या केशवाहिन्यांच्या जाळीत अडकतात आणि मरतात. इथे त्यांना ४ मिमीचा आडरस्ता मोकळा होता, थेट डाव्या हृदयात आणि तिथून मेंदूत.

दुसरा एमआरआय: काय पाहायचे, कुठे फसायचे

रुग्णाच्या मेहुण्यांचा विरोध होता. “एकदा एमआरआय झालाय ना साहेब, परत खर्च कशाला?” त्यांना पहिल्या एमआरआयच्या फिल्म दाखवून काय काढलेले नाही ते समजावले, आणि पूर्ण एमआरआय न करता फक्त चार जादा तपासण्या घेतल्या. अर्धा तास लागला.

डिफ्युजनमध्ये पोकळी पांढरीशुभ्र होती आणि रेणूंची हालचाल मोजणाऱ्या एडीसी नकाशावर काळी. दोन्ही पाहणे आवश्यक आहे. नुसते पांढरे दिसणे टी-टूच्या उजेडामुळेही होते, तेव्हा एडीसी काळे नसते. पूमध्ये पेशी, प्रथिने आणि जिवाणूंचा चिकट गाळ असतो, त्यात पाण्याच्या रेणूंना हलायला जागा मिळत नाही. कुजलेल्या गाठीतला द्रव पातळ असतो, त्यात ते मोकळे फिरतात. इथे पोकळीच्या मध्यावर एडीसी ६२० चौरस मायक्रॉन प्रति सेकंद भरले. कुजलेल्या ग्लायोब्लास्टोमात ते सहसा दीड हजाराच्या पुढे असते.

एसडब्ल्यूआय या रक्त आणि लोह टिपणाऱ्या प्रतिमेत दुहेरी कडा दिसली: बाहेरून अखंड काळी, तिच्या आत समांतर उजळ. गळूच्या भिंतीची ही चांगली खूण आहे. ग्लायोब्लास्टोमातली काळी कडा तुटक आणि ओबडधोबड असते. पर्फ्युजन या रक्तपुरवठा मोजणाऱ्या तपासणीत भिंतीतला रक्ताचा साठा समोरच्या निरोगी पांढऱ्या भागाच्या जेमतेम १.१ पट निघाला. ग्लायोब्लास्टोमाची भिंत रक्ताळलेली असते, तिथे हा आकडा बहुधा दुपटीच्या वर जातो.

स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे ऊतकातली रसायने मोजणाऱ्या तपासणीत, चौकट पोकळीत ठेवायची, भिंतीवर नाही. हे चुकले तर शेजारच्या मेंदूतली कोलीन आणि एनएए ही रसायने मिसळतात आणि अहवाल ‘अनिश्चित’ येतो. इथे आलेखावर १.९ आणि २.४ पीपीएमच्या जागी ॲसिटेट आणि सक्सिनेटची शिखरे होती, ०.९ वर अमिनो आम्लांचे शिखर होते. टीई (संकेत टिपण्याआधीची थांबण्याची वेळ) १३५ मिलिसेकंद ठेवल्यावर ०.९ चे शिखर उलटे झाले. चरबीचे शिखर तिथेच असते पण उलटत नाही. क्षयाच्या गाठीत चरबीचेच शिखर मोठे असते आणि अमिनो आम्ले दिसत नाहीत. ॲसिटेट आणि सक्सिनेट एकत्र दिसले की प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू असण्याची शक्यता वाढते, आणि दाढेच्या इतिहासाशी ते जुळत होते.

आणखी एक साधी खूण पहिल्या सीटीतही होती. वर्तुळाची भिंत वेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या) बाजूला पातळ आणि बाहेरच्या बाजूला जाड होती. आतल्या पांढऱ्या भागाला रक्तपुरवठा कमी, म्हणून तिकडे गळूची भिंत नीट बांधली जात नाही; गळू फुटते तेही तिकडेच, वेंट्रिकलमध्ये.

तरीही रेडिओलॉजिस्टने ‘गळूची शक्यता सर्वाधिक’ एवढेच लिहिले, आणि ते बरोबर होते. पोकळीच्या मागच्या कोपऱ्यात एडीसी ११०० होते. डिफ्युजनही फसवते. दाट श्लेष्मा किंवा रक्त साठलेल्या पसरलेल्या कर्करोगात ते गळूसारखे दिसते. अँटिबायोटिक चालू असलेल्या गळूत एडीसी वाढते आणि ते गाठीसारखे दिसू लागते. क्षयाचे खरे गळू जिवाणूंच्या गळूसारखेच दिसते, तर क्षयाची घट्ट गाठ टी-टूवर मध्यभागी काळी. बुरशीत मधली पोकळी मोकळी राहते आणि भिंतीतून आत डोकावणारे कोंब तेवढे पांढरे होतात.

समोरचे पर्याय

ठरल्याप्रमाणे झडप उघडून सगळे काढणे हा पहिला पर्याय. हाताच्या पट्ट्यामुळे तो नाकारला. अनेक कप्पे असलेले, हवा भरलेले, लहान मेंदूतले किंवा बुरशीचे गळू असते तर तो पुन्हा विचारात आला असता.

शस्त्रक्रिया न करता अँटिबायोटिक देऊन दोन आठवड्यांनी पाहणे हा दुसरा. २.५ सेमीपेक्षा मोठ्या गळूत हे सहसा पुरत नाही. शिवाय जंतू कोणता ते कळत नाही, आणि निदान चुकले असेल तर गाठीला दोन आठवडे मिळतात.

क्षयाची औषधे सुरू करून पाहावे, असेही एकाने सुचवले. पाठीतले पाणी काढून तपासण्याची सूचनाही आली. मध्यरेषा सरकलेली असताना कमरेतून पाणी काढले तर मेंदू खाली सरकून जीव जाऊ शकतो, आणि बंद गळूत त्या पाण्यातून जंतू क्वचितच मिळतो. दोन्ही सूचना तिथेच थांबवल्या.

निवडला तो पर्याय: नेव्हिगेशनच्या (स्कॅनवरून सुईची वाट दाखवणाऱ्या यंत्रणेच्या) मदतीने एका छिद्रातून पू ओढणे, टेबलावरच स्मिअर म्हणजे काचेवर पसरलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. स्मिअरमध्ये गाठीच्या पेशी दिसल्या तर भिंतीचा तुकडा घेऊन थांबायचे आणि मोठी शस्त्रक्रिया वेगळ्या संमतीने नंतर करायची. संमतिपत्रावर दोन्ही शक्यता मराठीत लिहून त्यावर सही घेतली.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती अँटिबायोटिक लगेच सुरू करायचे की नमुना हाती येईपर्यंत थांबायचे, यावर. आधी दिले तर जंतू वाढण्याची शक्यता घटते आणि मग सहा आठवडे अंदाजाने औषध द्यावे लागते. थांबले आणि गळू फुटले तर? रुग्ण शुद्धीवर होता, थंडी वाजत नव्हती, वेंट्रिकलपर्यंत ९ मिमी अंतर होते, आणि शस्त्रक्रियागृह २४ तासांच्या आत मिळत होते. म्हणून थांबले, पण तीन अटी कागदावर लिहून: ग्लासगो स्केल एकाने जरी उतरले, ताप १०१ च्या वर गेला किंवा मान ताठ झाली, तर कोणालाही न विचारता परिचारिकेने पहिला डोस द्यायचा. इंजेक्शन भरून फ्रिजजवळ ठेवले होते.

शस्त्रक्रिया आणि नमुन्यांचे डबे

दिवस ७. फुप्फुसातल्या आडरस्त्यामुळे शिरेतल्या नळीतून गेलेला हवेचा बुडबुडाही थेट मेंदूत जाऊ शकतो. म्हणून भूलतज्ज्ञांनी प्रत्येक नळीला हवा अडवणारा फिल्टर लावला आणि रुग्णाला आडवेच ठेवले.

छिद्राची जागा हाताच्या पट्ट्याच्या पुढून निवडली. सुई भिंतीला टेकली तेव्हा रबरासारखा अडसर लागला. पुढे गेल्यावर ११ मिलि दाट, हिरवट-पिवळा, दुर्गंधी येणारा पू निघाला. वास येताच प्राणवायूशिवाय जगणारे जंतू असणार हे जवळपास नक्की झाले. सगळा पू ओढून काढायचा हट्ट केला नाही. पोकळी एकदम रिकामी केली की भिंतीतून रक्त येते.

या प्रकरणात सगळ्यात आधी पोचवण्यासारखी गोष्ट डब्यांची आहे. गाठीची शस्त्रक्रिया म्हटले की टेबलाजवळ फॉर्मलिनचा एकच डबा असतो. पू किंवा संशयित ऊतक त्यात पडले की जंतू वाढवायची शक्यता तिथेच संपते. मागाहून काही करता येत नाही. इथे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी आदल्या रात्रीच डब्यांवर नावे घालून ठेवली होती. हवा काढून टोपण लावलेल्या सिरिंजमध्ये ३ मिलि, ॲनेरोबिक म्हणजे प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जंतूंच्या कल्चरसाठी, अर्ध्या तासात प्रयोगशाळेत. निर्जंतुक कोरड्या डबीत २ मिलि, ग्रॅम नावाच्या रंगाच्या तपासणीसाठी आणि साध्या कल्चरसाठी. क्षयासाठी सीबीनॅट ही जनुकीय तपासणी आणि ४२ दिवसांचे द्रव कल्चर. नोकार्डिया या जिवाणूसाठी १ टक्का आम्ल वापरून केलेला सुधारित स्टेन. बुरशीसाठी केओएच आणि चार आठवड्यांचे कल्चर. १ मिलि उणे ८० अंशांवर राखीव, कल्चर कोरे आले तर जनुकीय तपासणीसाठी. भिंतीचे दोन कण, एक सलाइनमध्ये आणि एकच फॉर्मलिनमध्ये. कापूस गुंडाळलेल्या काडीवर नमुना अजिबात नाही. काडी पू शोषून घेते आणि ॲनेरोबिक जंतू हवेत मरतात.

वीस मिनिटांत स्मिअर आला: न्यूट्रोफिल पेशींचा खच, गाठीची एकही पेशी नाही. ग्रॅम तपासणीत साखळीतले निळे गोल जंतू आणि टोकाला निमुळते होणारे गुलाबी दांडके. टेबलावरच सेफ्ट्रिअॅक्सोन २ ग्रॅम आणि मेट्रोनिडॅझोल ५०० मिग्रॅ ही अँटिबायोटिक दिली.

औषधोपचार

४८ तासांत स्ट्रेप्टोकॉकस इंटरमीडियस वाढला, कल्चरच्या पाचव्या दिवशी फ्यूझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम. दोघांचाही पत्ता तोंडातला. क्षय आणि बुरशीच्या तपासण्या कोऱ्या आल्या.

सेफ्ट्रिअॅक्सोन २ ग्रॅम दर १२ तासांनी, १०० मिलि सलाइनमध्ये अर्ध्या तासात. रिंगर लॅक्टेटमध्ये कधीच नाही, त्यातल्या कॅल्शियमशी औषध साकळते. मेट्रोनिडॅझोल दहा दिवसांनी शिरेतून तोंडावाटे केले, ४०० मिग्रॅ दिवसातून तीनदा. ते आतड्यातून जवळपास पूर्ण शोषले जाते. डेक्सामेथासोन सहा दिवसांत उतरवत बंद केले. दाढेचे राहिलेले मूळ दिवस १६ ला, अँटिबायोटिक चालू असतानाच काढले. पुढचे डोस दंडातल्या लांब नळीतून गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयात. तिथल्या परिचारिकांना हवेच्या फिल्टरचे कारण फोनवर नव्हे, रुग्णाला पाठवताना सोबत दिलेल्या चिठ्ठीत लिहून कळवले.

उपचारांच्या पाचव्या आठवड्यात तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. मेट्रोनिडॅझोल लांबले की असे होते. लहान मेंदूतल्या डेंटेट केंद्रकांवर डाग पडले आहेत का ते एमआरआयमध्ये मुद्दाम पाहिले. ते स्वच्छ होते. सहा आठवड्यांना औषध थांबवले आणि मुंग्या हळूहळू गेल्या.

परिणाम

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी वर्तुळ २.१ सेमीवर आले, सहाव्या आठवड्यात ९ मिमीवर. कडा तेव्हाही उजळत होती. ती आणखी काही महिने उजळत राहते, आणि नुसत्या त्या कारणाने अँटिबायोटिक लांबवायचे नसते. डिफ्युजन पुन्हा पांढरे झाले तर मात्र पू परत साठतो आहे असे समजायचे. तीन महिन्यांनी एक बारीक व्रण उरला होता. हाताची पकड पाचपैकी साडेचार. झटका पुन्हा आलेला नाही. लेव्हेटिरासिटाम चालू आहे, मोटारसायकल आणि विहिरीत पोहणे बंद आहे.

दहाव्या आठवड्यात मांडीतून नळी घालून फुप्फुसातली ती रोहिणी प्लगने बंद केली. उभे राहून प्राणवायू आता ९७ असतो.

काय वेगळे करता आले असते

स्टेरॉइड चुकीचे नव्हते. मध्यरेषा ६ मिमी सरकली होती. पण ते देण्याआधी पांढऱ्या पेशी, सीआरपी आणि रक्ताचे कल्चर घेता आले असते. नंतरचे सगळे आकडे गढूळ झाले. गळू नसून लिंफोमा (लसीका पेशींचा कर्करोग) असता तर तो स्टेरॉइडने विरघळून बायोप्सीच कोरी आली असती, ते वेगळेच. ‘ताप नाही’ या नोंदीशेजारी ‘पॅरासिटामॉल दिवसातून तीनदा’ असे लिहिले असते तर तिचा अर्थ बदलला असता. पॅरासिटामॉल नसतानाही मेंदूच्या गळूत ताप, डोकेदुखी आणि कमजोरी ही तिन्ही लक्षणे एकत्र साधारण पाचातल्या एकालाच असतात.

जिल्ह्याच्या एमआरआयमध्ये दोन मिनिटांचे डिफ्युजन घेतले असते तर निदान दिवस २ ला झाले असते. पैसे वाचवायचे तर इतर काही गाळावे, हे गाळू नये. स्पेक्ट्रोस्कोपी आणि पर्फ्युजन नसलेल्या गावातही डिफ्युजन, ऑक्सिमीटर, टॉर्च आणि दातांबद्दलचा एक प्रश्न एवढे असतेच, आणि या रुग्णात तेवढे पुरले असते.

नातेवाइकांना दिवस २ ला ‘वर्तुळ दिसतंय, कशाचं ते अजून कळायचं आहे’ असे सांगता आले असते. त्याऐवजी गेलेल्या शब्दामुळे कुटुंबाने अर्धा एकर विकायची बोलणी लावली होती. ती पाच दिवसांनी थांबली.

आणि सर्वांत आधीचा क्षण दाढेचा. घोळणा वारंवार फुटतो हे तेव्हा कोणी विचारले असते, प्राणवायू मोजला असता, तर दाढ काढण्याआधी अँटिबायोटिकचा एक डोस मिळाला असता. रक्तवाहिन्यांचा हा आजार पन्नास टक्के मुलांत उतरतो, म्हणून रुग्णाची दोन मुले आणि थोरली बहीण यांची हृदयाची बुडबुड्यांची इको तपासणी (शिरेतून अगदी बारीक बुडबुडे सोडून ते हृदयात कुठे पोचतात ते पाहणे) केली. मुलांची स्वच्छ आली. बहिणीच्या डाव्या हृदयात बुडबुडे पाचव्या ठोक्याला पोचले, म्हणजे वाट फुप्फुसातूनच. तिचा छातीचा सीटी पुढच्या आठवड्यात आहे. तिचीही एक दाढ किडली आहे, ती त्यानंतर काढायची. काढण्याआधी एक तास अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, असे तिच्या कागदावर लाल शाईने लिहून दिले आहे.